दिवस बुडायच्या आतली गोळी

गाळणं फाटल्याचा आवाज मला देवघरात ऐकू आला. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड ते, फाटताना फार मोठा आवाज होत नाही. पण आमच्याकडे सकाळी पाणी गाळताना कुणी बोलत नसे, म्हणून ऐकू आला.

मी माळ डोळ्यांना लावून खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात आले. आमची नवी सून चेलना हंड्यापाशी उभी होती आणि तिच्या दोन हातांत गाळण्याचे दोन तुकडे होते. समोर माझ्या थोरल्या जाऊबाई रत्नाक्का, म्हणजे तिच्या सासूबाई.

"मी एवढंच म्हटलं," रत्नाक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "की बाई, एकेरी धरलंयस, दुहेरी धर. जीवजंतू खाली जातात. एवढंच म्हटलं गं विमल."

"घ्या की मग," चेलना म्हणाली. "दोन झाली आता. झालं ना दुहेरी?"

आणि हातातला तांब्या तिनं मागच्या दारातून परसात भिरकावला. परसात हळदीच्या पॉलिशचा ड्रम नुकताच सुरू झाला होता, त्याच्या खडखडाटात तांब्या पडल्याचं कळलंही नाही. मग ती तिथंच चुलीच्या कट्ट्याला टेकून खाली बसली आणि जत्रेत चुकलेल्या पोरासारखी रडायला लागली. कुणावर रागावून रडावं तसं ते रडणं नव्हतं. आपण हे काय केलं, हेच तिला कळत नव्हतं.

माझा पुतण्या अभिनंदन, तिचा नवरा, तोंडात ब्रश धरून दारात उभा होता.

"अभि, ऐकलंस नव्हं?" रत्नाक्का म्हणाल्या. "रविवारी हिच्या बापाला बोलाव. घेऊन जा म्हणावं तुमची लेक. आमच्यानं नाही झेपत."

अभिनंदनच्या तोंडात फेस होता. तोंड रिकामं असतं तरी बोलला नसता.

आमचं मगदुमांचं घर सांगलीत हळदीचं म्हणून ओळखलं जायचं. शिजवून वाळवलेली हळकुंडं आमच्या ड्रममध्ये पडायची आणि घासून घासून सोन्यासारखी होऊन बाहेर यायची. त्यांच्या अंगावरची साल मात्र पिवळी धूळ होऊन घरभर बसायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर, खिडकीच्या गजांवर, कधी कधी दुधाच्या सायीवरसुद्धा. "मगदुमांच्या सुनेला वेगळी हळद लावायला नको," असं लोक म्हणायचे, आणि चेलनाच्या लग्नात हा विनोद इतक्यांदा झाला की शेवटी तीच म्हणाली, "आता जो कोण म्हणेल त्याला मी ड्रममध्ये घालणार आहे."

अशी होती ती, शिरोळकडची, मोकळ्या तोंडाची. पतसंस्थेत नोकरीला होती. संध्याकाळी घरी आली की तिथल्या मॅनेजरची नक्कल करून दाखवायची. रत्नाक्कांचे मालक अण्णासाहेब भावजी जेवताना कढी कशी भुरकतात तेही ती करून दाखवायची, भावजी अंगणात असले तरी. रत्नाक्का तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मग मला म्हणायच्या, "लाडावून ठेवलीय, सांग जरा तिला." मी काय सांगणार? या घरात हसण्याचा आवाज कितीतरी दिवसांनी आला होता. माझे मालक गेल्यापासून मी या घरात एक खोली, एक देवघर आणि माझे नियम एवढ्यात राहत होते. कुणाला माझा त्रास नव्हता, आणि कुणाला माझी फारशी आठवणही नसायची.

माझ्या नियमांची चेलनाला मोठी गंमत वाटायची. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेतल्याशिवाय पाणी नाही, दिवस बुडाल्यावर अन्न नाही, पाणीही नाही, अष्टमी आणि चतुर्दशीला दिवसभर मौन. "काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत?" ती विचारायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला बस्तीत आर्यिका माताजींच्या दर्शनाला नेलं. माताजी तिला म्हणाल्या, "एखादा छोटा नियम घे, बाळ." ही म्हणाली, "काकूंचा आहे तोच द्या." माताजी हसल्या. "तो मोठा आहे. तुझी नोकरी आहे." तरी हिनं तोच घेतला. वर्षभर, दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालणार नाही. अन्न नाही, पाणी नाही. सासूला ती आत्ती म्हणायची; घरी येताना रिक्षात म्हणाली, "आत्तींना सांगू नका, त्या म्हणतील नाटक करते." आणि खरंच तिनं तो पाळला. पतसंस्थेत चार लोकांसमोर उन्हं असताना डबा उघडून जेवायची. लोक चिडवायचे, ती त्यांना उलट चिडवायची.

सीझन सुरू झाला, ड्रम फिरायला लागला आणि तिला शिंका लागल्या. मग खोकला. मग एक दिवस तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहायची. रत्नाक्का बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजारी पोरगी गळ्यात मारली म्हणायची."

मिरजेला छातीचे डॉक्टर नदाफ म्हणून होते. त्यांनी तपासलं. लहानपणापासून थोडं असणार, धुळीनं उठलं म्हणाले. तोंडात ओढायचा एक पंप दिला. सकाळी आणि रात्री. घेतल्यावर पाण्यानं चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. चुकवायचा नाही. धाप लागली तर वापरायला दुसरा, निळा पंप.

काही आठवड्यांनी पुन्हा गेलो. शिट्टी तशीच होती. "पंप घेता ना नीट?" डॉक्टरांनी विचारलं. "घेते," चेलना म्हणाली. मग त्यांनी एक छोटी गोळी वाढवली. दमा आणि अॅलर्जी दोन्हीची म्हणाले. रोज एक, संध्याकाळी.

आणि गोळीनं कमाल केली. आठवड्याभरात शिट्टी बंद. जिना चढता चढता ती गाणं म्हणायला लागली. रत्नाक्कांनी देवापुढं नारळ ठेवला. "आता कुणी काही म्हणू दे," मला म्हणाल्या, म्हणजे त्या स्वतः जे म्हणाल्या होत्या ते.

त्यानंतर कधीतरी ती बदलायला लागली. आधी नकला थांबल्या. मग बोलणं कमी झालं. सकाळी डोळ्यांखाली काळं असायचं. विचारलं तर, "झोप लागली नाही." अभिनंदनवर ओरडायला लागली, मग रत्नाक्कांवर, मग पतसंस्थेत कुठल्याशा ग्राहकावर. ओरडून झालं की रडायची. मध्ये चार दिवस चुलत बहिणीच्या साखरपुड्याला माहेरी जाऊन आली, तेव्हा अभिनंदन सांगत आला, "आई, पहिल्यासारखी आहे गं तिथं. हसते काय, नाचते काय." परत आली आणि आठवडा झाला नाही तोच पुन्हा तसंच.

"बघ," रत्नाक्का मला म्हणाल्या. "माहेरात बरी आणि सासरात वेडी. हिला नांदायचंच नाही. श्वासाचं होतं ते तरी खरं होतं, हे ढोंग आहे."

मी थकलेली बाई. लोकांच्या भांडणात पडायचं नाही, हासुद्धा माझा एक नियमच झाला होता, कुणाकडून न घेतलेला.

गाळणं फाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. माझं मौन. दुपारी मी गच्चीवर सावलीत तांदूळ निवडत बसले होते. चेलना आली आणि माझ्या सुपाच्या पलीकडे बसली. तिनं रजा घेतली होती. थोडे तांदूळ बोटानं इकडे तिकडे करत राहिली.

"काकू, आज तुम्ही बोलणार नाही," ती म्हणाली. "म्हणून आले."

मी हात थांबवला.

"थांबू नका, निवडत राहा. तुम्ही बघितलंत तर मला सांगता येणार नाही."

मी खाली बघून निवडत राहिले.

"मला घाण स्वप्नं पडतात. रोज. ड्रम फिरत असतो आणि त्यात हळकुंडं नसतात, माणसं असतात. आपल्या घरातलीच. मी हात घालून एकेकाला ओढायला बघते आणि मीच आत जाते. उठते ती घामानं भिजून. अभिला उठवत नाही. तो म्हणतो, परत सुरू झालं का तुझं." ती थांबली. "स्वप्नाचं काही नाही. दिवसाचं सांगायचंय. काकू, मला वाटतं मी नकोच. कुणी काही बोललं म्हणून नाही. कुणी बोललं नाही तरी. भाजी चिरताना, पावती फाडताना, मध्येच येतं. जसं काही माझ्या डोक्यात दुसरंच कुणीतरी विचार करतंय. घरी येताना कृष्णेच्या पुलावर रिक्षा आली की मी डोळे घट्ट मिटून घेते. मला खाली पाण्याकडे बघायची भीती वाटते. परवा वाटलं, रिक्षा थांबवावी."

माझ्या सुपातले तांदूळ हलले नाहीत.

"मी वाईट आहे का हो? सगळं चांगलं आहे माझं. तरी असं का वाटतं? रविवारी बाबा येतील. जाईन मी त्यांच्याबरोबर. पण तिथं जाऊन मी तरी हीच राहणार ना?"

मी वर बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली. "काकू, मौन!"

"असू दे. कधीपासून गं?"

"तुमचं मौन मोडलं माझ्यामुळं," ती रडायला लागली. "किती वर्षांचं..."

"चेलना, रड नंतर. आधी आठव. हे कधीपासून?"

तिनं नाक पुसलं. विचार केला. "पाडव्याला मनानं ठीक होते. पुरणपोळ्या केल्या त्या दिवशी नुसती धाप लागत होती. मग गोळी सुरू झाली, श्वास सुटला. आठ दिवस तर मला वाटलं मी उडते की काय. मग हळूहळू."

"आणि माहेरी?"

"तिथं झोप लागली. खरंच लागली. पोरी म्हणाल्या, घोरतेस."

"गोळी घेत होतीस तिथं?"

"नाही. पाकीट इथंच कपाटात राहिलं होतं. तिकडं धूळ नव्हती, म्हणून मला आठवणही..." ती थांबली.

आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. मला औषधांतलं काही कळत नाही. पण उपवास करणाऱ्या बाईला एवढं कळतं, की पारण्यानंतर पोट बिघडलं तर पहिल्यांदा विचारायचं, काय खाल्लं होतं? कुणाची दृष्ट लागली ते मागाहून.

"उद्या सकाळी मिरजेला जाऊ," मी म्हटलं.

"आणि डॉक्टर म्हणाले की तसं काही नसतं, तर?"

"तर परत येऊ. रिक्षात माझ्या बाजूला बस म्हणजे झालं."

जिन्यात पावलं वाजली. रत्नाक्का वाळवणाचे पापड काढायला आल्या होत्या. त्यांनी मला बोलताना ऐकलं होतं. पापड गोळा करून खाली गेल्या.

डॉक्टर नदाफांनी सगळं ऐकून घेतलं. चेलना सांगत होती, मी बाजूला बसून माळेचे मणी पदराखाली धरून होते, जप होत नव्हता. ती पुलाचं सांगायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही छातीचे डॉक्टर," चेलना म्हणाली. "हे डोक्याचं."

"बरोबर आहे. मीही विचारायला हवं होतं, विचारलं नाही." त्यांनी जुनी चिठ्ठी पुढं ओढली. "या गोळीचं नाव माँटेलुकास्ट. चांगलं औषध आहे. मी शेकडो लोकांना देतो, लहान मुलांनाही. बहुतेकांना काही होत नाही. पण थोड्या लोकांना होतं. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदास वाटणं, आणि तुम्ही सांगताय तसले विचारसुद्धा. हे तुमच्या स्वभावाचं नाही. तुमच्या सासरचंही नाही."

चेलना त्यांच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "म्हणजे मी वेडी नाही?"

"नाही. पण हे हलकंही घ्यायचं नाही. आजपासून गोळी बंद, आणि ही मी बंद करतोय, तुम्ही मनानं नाही. पंधरा दिवस हिला एकटं सोडायचं नाही, काकू. हळूहळू कमी होईल. नाही झालं, किंवा वाढलं, तर थांबायचं नाही, यायचं, मी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवीन. त्यात लाज नाही." मग त्यांनी स्टेथोस्कोप घेतला. "आता प्रश्न तुमच्या छातीचा. गोळी काढली की शिट्टी परत येणार. पंपानं का भागलं नाही, तेच मला कळत नव्हतं. दोन्ही वेळा घेता ना?"

चेलनानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"सकाळचा?"

"घेते."

"रात्रीचा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मला कळेना, ही माझ्याकडे का बघतेय. मग ती म्हणाली, "रात्री चूळ भरावी लागते."

"मग?"

"दिवस बुडाल्यावर मी तोंडात पाणी घेत नाही. नियम आहे. आणि पतसंस्थेतून घरी यायलाच अंधार पडतो. तिथं सगळ्यांसमोर पंप कसा ओढणार? लोक म्हणतील, नवी सून आणि दमा. म्हणून..." ती फार हळू म्हणाली, "रात्रीचा मी कधीच घेतला नाही. गोळी घेता येत होती, डब्याबरोबर, दिवस बुडायच्या आत."

मी डोळे मिटले. तिनं माझाच नियम मागून घेतला होता.

मला वाटलं, डॉक्टर आता चिडतील. ते हसलेही नाहीत. म्हणाले, "रमजानमध्ये आमचे लोकही हेच विचारतात, पंपानं रोजा मोडतो का. मी मौलवी नाही आणि पंडितही नाही. मला एवढंच माहीत आहे, दिवसातून दोनदा, चुकवायचं नाही. दिवस बुडायच्या आत घ्या, चूळही आतच भरा. मला सूर्याशी काही भांडण नाही."

"ऑफिसात?" चेलना म्हणाली.

"ऑफिसात. बाथरूम असेल ना? आणि निळा पंप पर्समध्ये. तो धाप लागल्यावर. तेव्हा दिवस बघायचा नाही, रात्र बघायची नाही."

"तो दिवस बुडाल्यावर चालेल?" तिनं हे डॉक्टरांना नाही, मला विचारलं.

"श्वास घेणं म्हणजे खाणं नव्हे," मी म्हटलं. "माताजींना मी विचारीन. नाही म्हणाल्या तर माझ्या अंगावर."

रविवारी तिचे वडील आले. भूपाल अप्पा, पांढरं धोतर, टोपी हातात. तिच्या मामाला सोबत घेऊन आले होते. पुढच्या सोप्यात सगळे बसले. ड्रम बंद होता, त्यामुळं फार शांत वाटत होतं. चहा झाला. चहा होईपर्यंत हवापाण्याचं, हळदीच्या भावाचं, शिरोळच्या उसाचं बोलणं झालं. मग कप खाली ठेवून अण्णासाहेब भावजी म्हणाले, "मग, अप्पा, चार महिने ठेवून घ्या. हवापालट."

चार महिने म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या पोरीचं काय चुकलं ते तरी..." भूपाल अप्पा म्हणाले.

"चुकलं नाही हो," रत्नाक्का म्हणाल्या. "तिचं डोकं ठिकाणावर नाही. लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

मी आत उंबऱ्याशी उभी होते. बैठकीत मी कधी बोललेले नाही. मला वाटलं अभिनंदन बोलेल. तो चटईचा धागा काढत बसला होता.

"अक्का," मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, ते गोळीमुळं आहे. गोळी बंद केलीय. थोडे दिवस बघू."

"गोळीनं श्वास येतो का माणूस बिघडतं?" रत्नाक्का म्हणाल्या. "एक गोळी दोन्ही कशी करेल? आणि तू काय सांगतेस विमल? परवा चतुर्दशीला गच्चीवर मौन मोडलंस. बारा वर्षांत मोडलं नव्हतंस, हिच्यासाठी मोडलंस. तुझ्या बोलण्याला आता किंमत कशी द्यायची?"

त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांना खरंच धक्का बसला होता. मला वाटतं, तांब्या भिरकावण्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं होतं.

"मोडलं," मी म्हटलं. "त्याचं प्रायश्चित्त घेईन."

"पण का मोडलंस? असं काय म्हणाली ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुलाचं सांगितलं असतं, तर यांना कळलं असतं. आणि सांगितलं असतं, तर 'वेडी' या शब्दावर शिक्का बसला असता. तिनं ते मला सांगितलं होतं, कारण मी बोलणार नव्हते. मी तोंड उघडलं नाही.

"मी सांगते," चेलना आतून म्हणाली, आणि माझ्या बाजूनं पुढं आली.

तिनं सगळं सांगितलं. स्वप्नं, पूल, रिक्षा. वडिलांकडे बघून नाही, जमिनीकडे बघून. भूपाल अप्पांनी टोपी तोंडावर धरली. अभिनंदननं धागा सोडला.

रत्नाक्का उठून उभ्या राहिल्या. "बघा! मी म्हणत होते. अप्पा, आजच न्या. या घरात काही झालं तर आम्ही तोंड दाखवायचं कुठं?"

ज्याची भीती होती तेच झालं. भूपाल अप्पा उठले. "चल बाळ," ते म्हणाले, "पिशवी भर."

चेलना हलली नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला कळलं, ही आता कुठंही जाईल, कुणी नेईल तिकडे, पुलापर्यंतसुद्धा. डॉक्टर म्हणाले होते, एकटं सोडायचं नाही.

मी माझ्या खोलीत गेले. पिशवीत दोन लुगडी घातली, माळ घातली, माझं गाळणं घातलं. बाहेर आले आणि भूपाल अप्पांना म्हणाले, "मीही येते. तुमच्याकडे जागा असेल ना माझ्यापुरती?"

"विमल!" रत्नाक्का म्हणाल्या. "हे काय?"

"पंधरा दिवस तिला एकटं सोडायचं नाही सांगितलंय. इथं नाही तर तिथं."

"लोक काय म्हणतील? सुनेबरोबर विधवा जाऊ घर सोडून गेली?"

"मला काय माहीत, अक्का. लोकांना विचारा."

मी चपला शोधायला लागले, त्या कुठं ठेवल्यात ते मला आठवेना. या घरातून जाऊन मी राहणार कुठं, हा विचारही मला तेव्हाच पहिल्यांदा आला.

"थांब," अण्णासाहेब भावजी म्हणाले. ते कढी भुरकतात त्याच आवाजात, थोडे वैतागून. "विमल गेली तर उद्या बस्तीत सगळे मलाच विचारणार. पुजाऱ्यापासून, उपाध्यायापासून. मी काय सांगू, हळदीची धूळ झाली म्हणून गेली?" मग रत्नाक्कांकडे बघून, "राहू दे दोघींना. पंधरा दिवस. ड्रमही बंद ठेवू चार दिवस, तसाही बेल्ट तुटलाय."

बेल्ट तुटला नव्हता. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

भूपाल अप्पा पुन्हा बसले. अभिनंदन उठला आणि न विचारता आणखी चहा ठेवायला आत गेला. लग्नानंतर त्यानं पहिल्यांदाच चूल पेटवली असावी, कारण बराच वेळ नुसता काड्यांचा आवाज येत होता.

चेलना माझ्या खोलीत राहिली. पहिले दिवस वाईट गेले. मन लगेच सुटलं नाही आणि छाती मात्र लगेच धरली. ती बसून झोपायची, उशा मागं लावून. निळा पंप दोनदा लागला, एकदा दिवस बुडाल्यावर. तिनं हातात धरून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिनं ओढला. माताजींनी पुढं सांगितलं ते असं, की औषध घेऊन माणूस जगला तरच नियम पाळणार ना? रजा होती तोवर रोजचा पंप मी सकाळी आणि दिवस बुडायच्या आत तिच्या हातात द्यायची, चुळीसाठी तांब्या धरायची. कामावर परत गेल्यावर पतसंस्थेत संध्याकाळचा तिनं आधी बाथरूममध्ये घेतला, मग टेबलावरच. "कोण काय म्हणालं?" मी विचारलं. "कॅशियर म्हणाला, माझ्या आजोबांकडेही असला होता. मी म्हटलं, तुमच्या आजोबांचा चॉईस चांगला आहे." मी तिच्याकडे बघितलं. ती स्वतःशीच नवल करत होती, आपण हे बोललो याचं.

अभिनंदन रोज सकाळी तिला सोडायला आणि संध्याकाळी आणायला जायचा आणि पुलावरून जाता-येता तिच्या बाजूला, नदीकडे बसायचा. रत्नाक्का माझ्याशी बोलत नव्हत्या. मी मौन मोडलं आणि त्यांनी धरलं, असं झालं होतं.

पंधराचे वीस दिवस झाले. स्वप्नं कमी झाली. एक रात्र तर ती घोरली. शिरोळच्या पोरी खरं बोलल्या होत्या.

आणि मग एका सकाळी मी देवघरात होते, तर स्वयंपाकघरातून आवाज. चढलेले. चेलनाचा आणि रत्नाक्कांचा. काही तरी आदळलं. माझा जप थांबला. रत्नाक्का धावत देवघराच्या दारात आल्या, घाबरलेल्या, श्वास लागलेल्या. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"विमल, चल. पुन्हा सुरू झालं तिचं! ती गोळी पुन्हा घेतेय बघ चोरून."

मी उठून गेले. चेलना डाळीच्या पातेल्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काकू, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आमटीत गूळ किती? आमच्याकडे चवीला घालतात. इथं आमटीत गूळ नाही, गुळात आमटी असते. मी म्हटलं तर आत्ती पातेलं आपटतात. आणि परत म्हणतात, तुझ्या आईनं शिकवलं नाही. माझ्या आईची आमटी यांनी आमच्या साखरपुड्याला तीनदा मागून घेतली होती! तेव्हा बरी गोड लागली!"

"तीनदा नाही, दोनदा!" रत्नाक्का माझ्या मागून ओरडल्या.

"तीनदा. तिसऱ्यांदा वाटीनं नाही, पळीनं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. त्यांत पाणी नव्हतं. तिनं माझ्याकडे बघून, सासूला दिसणार नाही असा, एक डोळा बारीक केला.

"अक्का," मी म्हटलं, "हे ते नाही. हे नुसतं भांडण आहे."

रत्नाक्का थांबल्या. चेलनाकडे बघितलं, बराच वेळ, आजाऱ्याकडे बघतात तसं. त्यांच्या खांद्यांतलं काही तरी सैल झालं.

"नुसतं भांडण?" त्या म्हणाल्या.

"नुसतं."

"मग तू जा जपाला," रत्नाक्का म्हणाल्या आणि पदर खोचून चुलीकडे वळल्या. "आणि तू गं, पळीनं म्हणतेस? पळीनं? तुझ्या बापालाच विचार फोन करून, आत्ताच्या आत्ता..."